जुन्या लोडर ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक: पंप बदलण्याआधी तेलाचा मार्ग तपासावा

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टरवर स्थानिक कारखान्यात बनवलेला लोडर बसवलेला आहे. इंजिनाच्या पुढच्या पुलीवरून फिरणारा २५ सीसीचा (दर फेरीला २५ घन सेंटीमीटर तेल देणारा) गिअर पंप, लोडरचा दोन लिव्हरचा कंट्रोल व्हॉल्व्ह आणि त्यापुढे ट्रॉली उचलण्यासाठी आणखी एक व्हॉल्व्ह अशी मांडणी आहे. सकाळी सुरू करताना पंप शिटीसारखा ओरडतो आणि नंतर आवाज कमी होतो. तेल गार असताना आर्म सात सेकंदांत वर जातो, दुपारी त्यालाच पंधरा सेकंद लागतात. भरलेले बकेट आपोआप पुढे झुकते. एकदा पंप बदलून झाला, दोन महिने बरे चालले आणि पुन्हा तेच सुरू झाले. आता दुसरा पंप घ्यावा की सगळी पायपिंग नव्याने करावी, असे आपण विचारता.

माझे स्पष्ट मत आहे की आत्ता पंप घेऊ नये. आपण सांगितलेल्या लक्षणांत एक नसून तीन बिघाड आहेत, आणि त्यांपैकी पहिला दुसऱ्याला जन्म देणारा आहे. तो तसाच ठेवून कितीही चांगला पंप बसवला, तरी त्याचे आयुष्य फार असणार नाही.

आवाजापासून सुरुवात करू. गार तेल घट्ट असते. पंपाला ते टाकीतून ओढून घ्यावे लागते आणि वाट अरुंद असेल तर ओढताना पंपाच्या तोंडाशी पोकळी तयार होते. त्या पोकळीतले बुडबुडे दाबाच्या बाजूला जाऊन फुटतात, तोच तो ओरडण्याचा आवाज, आणि फुटताना ते पंपाच्या आतल्या भिंती व बाजूच्या पट्ट्या कोरत जातात. तेल तापून पातळ झाले की ओढ सोपी होते आणि आवाज कमी होतो. म्हणजे सकाळचा आवाज दुपारी कमी होत असेल, तर दोष सक्शनच्या, म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या बाजूला, अरुंद पाइप, तुंबलेली जाळी किंवा आतून बसलेला होज यांत शोधावा. याउलट आवाज दिवसभर सारखाच राहत असेल आणि टाकीतल्या तेलावर फेस येत असेल, तर कुठून तरी हवा ओढली जात आहे असे समजावे. हवेची जागा शोधण्यासाठी इंजिन चालू ठेवून सक्शनच्या एकेका जोडावर घट्ट ग्रीस फासावे. ज्या जोडावर ग्रीस लावताच आवाज बदलतो, तो जोड दोषी. यात पंपाच्या शाफ्टचे ऑइल सीलही तपासावे. बऱ्याच गिअर पंपांत हे सील सक्शनच्या बाजूला जोडलेले असते, त्यामुळे ते खराब झाले तरी चालू पंपातून बाहेर तेल न गळता आत हवा जाते, आणि बाहेरून कोरडा दिसणारा पंप निर्दोष मानला जातो.

आपल्या पत्रात सक्शनला पाऊण इंची होज असल्याचे आपण लिहिले आहे. त्याचे गणित करून पाहू. २५ सीसीचा पंप १,८०० फेऱ्यांना मिनिटाला ४५ लिटर तेल देईल, थोडी आतली गळती धरली तर ४०. पाऊण इंची होजमधून ४० लिटर जाण्यासाठी तेलाला सेकंदाला २.३ मीटर वेगाने धावावे लागते. सक्शनमध्ये हा वेग साधारण १ मीटरच्या आसपास, फार तर १.२ मीटरपर्यंत असावा. सव्वा इंची होज घेतला तर वेग ०.८ मीटरवर येतो. एवढ्या एका बदलाने सकाळचा आवाज बहुधा जाईल, असे मी अनुभवावरून सांगतो. तरी जुना होज काढल्यावर तो उभा चिरून आत जरूर पाहावे. साध्या होजचा आतला रबरी थर तेलाने फुगून सुटतो. त्याची जिभेसारखी पट्टी तेल वाहू लागले की आडवी येऊन वाट बंद करते आणि पंप थांबला की पुन्हा भिंतीला चिकटून बसते. बाहेरून होज धडधाकट, हाताने दाबला तर टणक, आणि आत चालता-बंद होणारा पडदा. सक्शनला नेहमी आत स्प्रिंगसारखी तार असलेला, ओढीने न बसणारा होजच वापरावा, आणि स्वस्त पडतो म्हणून बागेच्या पाण्याचा पाइप क्लॅम्प लावून चालवू नये.

आता तेल तापल्यावर येणाऱ्या मंदपणाकडे वळतो, कारण इथेच लोकांचे सर्वाधिक पैसे वाया जातात. आर्मचे दोन जॅक (हायड्रॉलिक सिलिंडर) ६३ मिलिमीटर बोअरचे आणि साधारण ७०० मिलिमीटर स्ट्रोकचे आहेत असे आपल्या मापांवरून दिसते. दोन्ही पूर्ण उघडायला सुमारे ४.४ लिटर तेल लागते. मिनिटाला ४० लिटर येत असेल तर हे काम साडेसहा सेकंदांत व्हायला हवे. आपल्याला गार तेलात सात सेकंद लागतात, म्हणजे तेव्हा पंप जवळपास पूर्ण तेल देतो. गरम तेलात पंधरा सेकंद लागतात, म्हणजे निम्म्याहून अधिक तेल कुठेतरी आतल्या आत परत जाते. हे तेल चार ठिकाणी हरवू शकते: पंपाच्या आत, रिलीफ व्हॉल्व्हच्या (दाब मर्यादेबाहेर गेला की तेल टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सीटवरून, स्पूलच्या (लिव्हरने सरकणाऱ्या व्हॉल्व्हमधल्या दांड्याच्या) कडेने किंवा जॅकच्या पिस्टन सीलवरून.

यातले ठिकाण ओळखण्यासाठी दुकानात फ्लो मीटर असेल तर उत्तमच, परंतु तो नसला तरी काम अडत नाही. पंपाच्या लगेच पुढे टी बसवून ०–२५० बारचा (बार हे दाबाचे एकक), ग्लिसरीन भरलेला गेज लावावा. अर्धा तास काम करून तेल चांगले तापवावे. मग बकेट पूर्ण आत वळवून जॅक शेवटाला नेऊन टेकवावा आणि लिव्हर धरून ठेवत इंजिन सर्वांत मंद फेऱ्यांपासून हळूहळू वाढवावे. गेजचा काटा १२० बारवर ज्या फेऱ्यांना पोहोचतो, तो आकडा लिहून घ्यावा. समजा तो १,००० फेऱ्यांना पोहोचला. जॅक हलत नाही, म्हणजे त्या क्षणी पंप देत असलेले सगळे तेल गळतीतच जात आहे. १,००० गुणिले २५ सीसी म्हणजे मिनिटाला २५ लिटर. चांगल्या स्थितीतली यंत्रणा हा दाब इंजिन आयडलिंगला असतानाच दाखवते. प्रत्येक वाचन दोन-तीन सेकंदांतच उरकावे. १५० बारला ४० लिटर तेल रिलीफवरून जाताना दहा किलोवॉट उष्णता तयार होते आणि टाकीतले ३० लिटर तेल मिनिटाला सुमारे १२ अंशांनी तापते.

हीच परीक्षा आर्मच्या जॅकवरही करावी. आर्म पूर्ण वर नेऊन त्याखाली लोखंडी टेकू लावल्याशिवाय कोणीही यंत्राच्या पुढे जाऊ नये. लाकडी ठोकळा किंवा ट्रॉलीचा जॅक हा टेकू नव्हे. बकेट आणि आर्म दोन्हींवर आकडा जवळपास सारखाच आला, तर गळती पंपात किंवा रिलीफ व्हॉल्व्हमध्ये आहे, कारण तेवढेच दोन भाग दोन्ही मार्गांना सामाईक आहेत. एकाच बाजूला आकडा जास्त आला, तर त्या बाजूचा जॅक किंवा स्पूल दोषी आहे. पंप आणि रिलीफ यांना वेगळे करायचे असेल, तर बाजारात सुटा मिळणारा रिलीफ व्हॉल्व्हचा ठोकळा पंपाच्या पुढे लावून, त्याची परतीची वाट टाकीत सोडून, पुढचा मार्ग बंद करून तीच परीक्षा करावी. मध्ये कोणताही रिलीफ नसताना पंपाचे तोंड कधीही बंद करू नये. बंद तोंडाचा गिअर पंप क्षणात फुटतो आणि त्याचे बीड अंगावर येते.

एक गोष्ट इथेच आग्रहाने सांगतो. आर्म हळू चालतो म्हणून रिलीफचा बोल्ट आवळून दाब वाढवण्याची पद्धत गावोगावी आहे आणि ती पूर्णपणे चुकीची आहे. वेग तेलाच्या प्रमाणातून येतो, जोर दाबातून येतो. १५० बारला आपला एक आर्मजॅक पावणेपाच टनांच्या आसपास ढकलतो. तो दाब २०० केला तर आर्म एक सेकंदही लवकर वर जाणार नाही, उलट गळती वाढेल आणि ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल, त्याची मधली पिन आणि लोडरचे वेल्डिंग यांवर ज्या भारासाठी ते केलेले नाहीत तो भार येईल.

झुकणाऱ्या बकेटचा दोष या दोहोंपासून स्वतंत्र आहे. तो शोधण्यासाठी काहीही उघडण्याची गरज नाही. बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, सगळे लिव्हर हलवून दाब सोडावा आणि व्हॉल्व्हवर बकेटचे दोन होज व आर्मचे दोन होज यांची अदलाबदल करावी. बकेट पूर्वीसारखेच झुकत राहिले तर जॅक दोषी. बकेट थांबले आणि आर्म उतरू लागला तर स्पूल दोषी. स्पूलला सील नसते, तो केवळ बारीक बसवणीवर तेल अडवतो, म्हणून थोडीशी उतरण्याची सवय प्रत्येक व्हॉल्व्हला असते. दहा मिनिटांत चार बोटे उतरणे मी बिघाड मानत नाही.

‘जॅक उतरतो म्हणजे पिस्टन सील गेले’ हा समज अर्धाच खरा आहे. ज्या जॅकवर भार रॉडला आत ढकलतो, तिथे दोन्ही तोंडे व्हॉल्व्हने खरोखर बंद असतील तर केवळ पिस्टन सील गेल्याने भार फारसा खाली येत नाही. मागच्या बाजूचे तेल रॉडच्या बाजूला मावत नाही, कारण तिथली जागा रॉडने व्यापलेली असते. दाब तेवढा वाढतो आणि भार अडून राहतो. आपला आर्म अशाच स्थितीत असतो, त्यामुळे आर्म उतरत असेल तर आधी स्पूलकडे पाहावे. बकेटचे मात्र उलटे आहे. आपल्या लोडरवर बकेटचा भार रॉडला बाहेर ओढतो. तिथे पिस्टन सील गेले की रॉडच्या बाजूचे तेल सहज मागे जाते, उरलेली जागा पोकळी भरून काढते आणि रॉड बाहेर येत राहतो. म्हणून आपल्या बाबतीत बकेटच्या जॅकचे सील गेले असण्याची शक्यता मला अधिक वाटते. सीलचा संच बदलताना बॅरलच्या आतून बोट फिरवून ओरखडा लागतो का ते पाहावे आणि रॉडवरचे क्रोम खरवडले गेले असेल तर नव्या सीलवर पैसे घालू नयेत.

आता पायपिंग. आपल्या लोडर व्हॉल्व्हच्या टाकीकडे जाणाऱ्या तोंडातून निघालेला होज सरळ ट्रॉलीच्या व्हॉल्व्हमध्ये शिरतो, असे आपण पाठवलेल्या आकृतीत दिसते. ही आपल्याकडची सर्वांत सार्वत्रिक चूक आहे. ट्रॉली उचलताना तिचा सगळा दाब लोडर व्हॉल्व्हच्या परतीच्या पोकळीत चढतो आणि ती पोकळी एवढ्या दाबासाठी घडवलेली नसते. स्पूलच्या टोकांचे ओरिंग वारंवार फुटतात, आणि कधी बीडालाच तडा जातो. शिवाय लोडरचा रिलीफही तिथेच सुटतो, त्यामुळे दोन्ही लिव्हर एकदम चालवले की दाबांची बेरीज होते. लोडरचा व्हॉल्व्ह पॉवर बियाँड होऊ शकणारा, म्हणजे दाबाचे तेल पुढच्या व्हॉल्व्हला वेगळ्या तोंडातून देऊ शकणारा असेल, तर त्याचा स्लीव्ह घालून ट्रॉलीसाठी दाबाचे वेगळे तोंड घ्यावे. मग लोडर व्हॉल्व्हचे परतीचे तोंड आणि ट्रॉली व्हॉल्व्हचे परतीचे तोंड स्वतंत्रपणे परतीच्या लाइनला मिळतील. तशी सोय नसेल, तर पंपाच्या पुढे तीन तोंडांचा सिलेक्टर व्हॉल्व्ह बसवावा, पण असा की बदलताना मधल्या जागी तेलाची वाट बंद पडणार नाही, आणि त्याच्या आधी एक रिलीफ असलाच पाहिजे. आपला पंप गिअरचा आहे, म्हणजे तो फिरतो तोवर तेल देतच राहतो. म्हणून सगळे व्हॉल्व्ह ओपन सेंटरचेच, म्हणजे लिव्हर मध्ये असताना तेल मोकळेपणी टाकीकडे जाऊ देणारेच असावेत. भंगारातून आणलेल्या व्हॉल्व्हमध्ये फुंकर मारून इनलेट ते परतीच्या तोंडापर्यंत वाट मोकळी आहे ना, हे बसवण्याआधी पाहावे.

दाबाच्या लाइनला अर्धा इंची, दोन तारजाळ्यांचा होज पुरेसा आहे; ४० लिटरला त्यात वेग सव्वापाच मीटरच्या आसपास येतो आणि ही वरची मर्यादा समजावी. परतीची लाइन पाऊण इंची करावी. लोखंडी नळी वापरायची तर हायड्रॉलिकची सीमलेसच वापरावी. पाण्याची जीआय नळी आणि तिचे एल्बो दाबाच्या बाजूला कधीही नकोत, आणि तिचे जस्त सुटून तेलात येते म्हणून परतीलाही नकोत. आर्मजवळचे होज आर्म तळापासून माथ्यापर्यंत नेऊन मोजावेत. अर्धा इंची दोन जाळ्यांचा होज १८० मिलिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वाकवू नये आणि आवळताना त्यावरची छापील रेघ सरळ राहते ना, हे पाहावे. रेघ फिरली म्हणजे होज पिळला गेला आणि तो फेरूलपाशी, म्हणजे टोकाच्या धातूच्या टोपीपाशी फुटणार.

आट्यांच्या बाबतीत जपावे. अर्धा इंची बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे पाइप-आटे) आणि अर्धा इंची एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे) या दोन्हींना इंचाला १४ आटे असतात, त्यामुळे एक दुसऱ्यात काही फेरे जातो आणि बसला असे वाटते. पण एकाचा कोन ५५ अंशांचा आणि दुसऱ्याचा ६० अंशांचा असल्याने तो दाबाखाली गळतो किंवा व्हॉल्व्हचे तोंड चिरतो. जुन्या लोडरवर अनेक मिस्त्र्यांचे हात फिरलेले असतात, म्हणून प्रत्येक निपल पिच गेजने तपासून एकाच जातीचे करून टाकावेत. आपल्याकडे बीएसपी सहज मिळते. सरळ आट्याच्या बीएसपीला डाऊटी वॉशर (आत रबर असलेला धातूचा वॉशर) लावावा, टेफ्लॉन टेप मुळीच नको. त्या टेपचे तुकडे रिलीफच्या सीटवर बसतात आणि मग गरम तेलातला मंदपणा पुन्हा दारात उभा राहतो.

ट्रॉलीसाठी झटपट जोडणारे कपलिंग दाबाच्या बाजूला चालेल, परतीच्या लाइनवर एकही नको. ते चुकून सुटलेले राहिले तर इंजिन सुरू होताच फिल्टर तरी फुटतो किंवा व्हॉल्व्ह तरी. परतीचा फिल्टर १० ते २५ मायक्रॉनचा, स्वतःचा बायपास असलेला घ्यावा आणि परतीचे तोंड टाकीत तेलाच्या पातळीखाली, सक्शनपासून दूर, मध्ये आडवी पट्टी घालून सोडावे. टाकी ३० लिटरची आहे, ती मला लहान वाटते. लोडरचे जॅक दुहेरी आहेत. ते उघडले तरी टाकीतले तेल केवळ रॉडच्या आकारमानाएवढेच कमी होते. ट्रॉलीचा जॅक मात्र एकेरी असतो, त्यात गेलेले सगळे तेल टाकीतूनच कमी होते आणि ट्रॉली पूर्ण वर असताना सक्शनची जाळी उघडी पडू शकते. ५० लिटरची टाकी करून घ्यावी. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात दिवसभर काम असेल तर ६८ ग्रेडचे हायड्रॉलिक तेल घालावे (आकडा मोठा तेवढे तेल घट्ट). ४६ ग्रेडचे तेल ४० अंशांना जेवढे घट्ट असते, ८० अंशांना त्याच्या साधारण पावपटच राहते, आणि झिजलेल्या पंपाला ते सहन होत नाही.

काहीजण आपल्याला सुचवतील की बाहेरचा पंप काढून लोडर ट्रॅक्टरच्या आतल्या लिफ्टच्या पंपावरच चालवावा. हॅरी फर्ग्युसनच्या रचनेतला तो पंप चार पिस्टनचा असून गिअरबॉक्सच्या तेलात बुडालेला असतो, पीटीओच्या (अवजारांना शक्ती देणाऱ्या) शाफ्टवर फिरतो आणि अवजार उचलण्याच्या कामात त्याला तोड नाही. परंतु त्याचे तेल लोडरसाठी थोडे पडते, क्लच पूर्ण दाबला की तो थांबतो, आणि लोडरच्या होजमधली धूळ थेट गिअरबॉक्समध्ये जाते. लोडरचे काम सतत क्लच दाबत, पुढे-मागे करत चालते. तिथे हा पंप योग्य नाही.

पंप बसवण्याच्या जागेबद्दल दोन गोष्टी. पुढच्या पुलीशी जोडलेला पंप इंजिनाकडे तोंड करून असतो, त्यामुळे समोरून पाहता उजवीकडे (घड्याळाच्या काट्यांप्रमाणे) फिरणाऱ्या इंजिनासाठी शाफ्टच्या टोकाकडून पाहता डावीकडे फिरणारा पंप लागतो. उलटा बसवला तर पहिल्याच मिनिटाला शाफ्टचे सील उडते. कपलिंगमध्ये दोन-तीन मिलिमीटरची मोकळीक ठेवावी आणि दोन्ही शाफ्ट एका रेषेत आहेत ना, ते डायल गेजने पाहावे. तिरकस बसलेला पंप महिन्याभरात सील खातो आणि हवा ओढू लागतो.

सगळे जोडून झाल्यावर प्रत्येक होजमधून डिझेल आणि मग हवा सोडून कापताना राहिलेली रबर-लोखंडाची भुकटी काढावी. पंपात सक्शनच्या तोंडातून हाताने तेल ओतावे, इंजिन मंद फेऱ्यांवर सुरू करावे आणि भार नसताना सगळे जॅक अनेकदा आतबाहेर करून हवा काढावी. गळती शोधायला हात फिरवू नये, पुठ्ठा फिरवावा. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून १५० बारला येणारे तेल कातडी भेदून आत जाते. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. असे झाले तर मलम लावत न बसता तेल शिरले आहे असे सांगून त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे.

मग गेज लावून वरची १२० बारची परीक्षा गरम तेलात पुन्हा करावी. सक्शन मोठा झाला, रिलीफची सीट साफ झाली आणि तरी आकडा ७००–८०० फेऱ्यांच्या वरच राहिला, तर मात्र पंप झिजला आहे आणि तो बदलावा. सुमारे ५० तासांनी परतीचा फिल्टर काढून कापून उघडावा. चकचकीत पिवळे कण दिसले तर ते पंपाच्या बुशाचे किंवा बाजूच्या पट्ट्यांचे, पांढुरके कण अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचे आणि काळे मऊ तुकडे होजचे किंवा सीलचे असतात. पिवळे कण भरपूर असतील तर तेल, जाळी आणि फिल्टर बदलल्याशिवाय नवा पंप त्या टाकीला जोडू नये.